अक्कांनी बंद ठेवलेलं पान

इंदूअक्का गेल्याची बातमी मला दीक्षितांनी दिली. याचाही मला राग आहे. ज्या माणसाशी वर्षभर एका तळ्यावरून भांडले, त्याचाच सकाळी फोन यावा आणि त्यानं सांगावं, "सुमा, अक्का गेल्या. झोपेतच. राजाजीनगरला घरीच आहेत अजून. येताय ना?" माझ्या तोंडून निघालं, "तुम्हाला कुणी सांगितलं?" ते म्हणाले, "प्रसादनं. त्यानं आईचं कळवायला आधी तुम्हालाच ट्राय केलं होतं. तुमचा फोन एंगेज होता." असणारच. मॉडेम लावून मी हुणसेकट्ट्याचं, म्हणजे त्या तळ्याचं, पान उघडून बसले होते आणि अक्कांना काय काय सुनवायचं याची जुळवाजुळव करत होते. सगळी नोकरी टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये दोन टोकं जोडण्यात घालवलेली बाई, आणि तिच्या मरणाची बातमी मला लाइन अडवून ठेवल्यामुळे उशिरा मिळाली... अक्का यावर हसल्या असत्या. मला तेव्हा हसू आलं नाही, अजूनही येत नाही.

आमचा नगरकोश ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. एका कॉलेजनं इंटरनेटवरच्या आपल्या कॉम्प्युटरचा एक कोपरा वापरायला दिला आणि आम्ही काही हौशी माणसांनी त्यावर बंगळूरची माहिती चढवायला सुरुवात केली. वस्त्या, तळी, बाजार, देवळं, हॉटेलं. कुणाला पगार नाही, कुणी साहेब नाही. कोशातलं कुठलंही पान आमच्यापैकी कुणीही बदलू शकतो, हीच त्यातली गंमत आणि हाच त्यातला ताप. जुना मजकूर नाहीसा होत नाही, नव्याच्या खाली थरासारखा राहतो, आणि प्रत्येक थरावर लिहिणाऱ्याचं नाव असतं. कोश इंग्रजीत आहे, कारण कन्नड किंवा मराठी अक्षरं एका कॉम्प्युटरवर नीट दिसली तर दुसऱ्यावर नुसते चौकोन दिसतात. भांडणं मात्र तिन्ही भाषांत होतात. एकानं सकाळी लिहायचं, दुसऱ्यानं दुपारी बदलायचं, पहिल्यानं संध्याकाळी पुन्हा होतं तसं करायचं. अशा वेळी पान बंद करण्याची किल्ली, म्हणजे पासवर्ड, आम्ही एकाच व्यक्तीच्या हातात दिली होती. ती इंदूअक्का. त्या किल्लीनं एखादा थर कायमचा पुसताही येतो. अक्कांनी ते कधीच केलं नाही, आणि आमचं बिनसलं ते त्यावरूनच.

अक्कांचं घराणं शहाजीराजांच्या काळात इकडे आलेलं. घरात मराठी, पण अशी की पुण्याहून आलेल्या माणसानं दोनदा विचारावं. "स्वल्प थांब", "सरी, पुढे सांग" हे त्यांचं नेहमीचं; स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे बरं. रिटायर झाल्यावर मुलानं, प्रसादनं, स्वतःसाठी आणलेला कॉम्प्युटर हळूहळू त्यांच्या खोलीत गेला आणि त्यांनी राजाजीनगरच्या पानावरच्या चुका काढायला सुरुवात केली. मग इतरांची भांडणं त्यांच्याकडे यायला लागली. ट्रंक ऑपरेटरला दोन्ही बाजूंचं ऐकू येतं. अक्का सांगायच्या, लोक ओरडायचे ते लाइन खराब म्हणून नाही, तर पलीकडचा काय म्हणतो ते ऐकायला थांबायचं नसायचं म्हणून. तिथूनच त्यांची पद्धत आली असावी. भांडणाऱ्या दोघांनी एकमेकांची बाजू लिहायची. म्हणजे तुम्ही त्याची, त्यानं तुमची. आणि ज्याची बाजू त्यानं "हो, हेच मला म्हणायचंय" असं म्हणेपर्यंत पान बंद. आम्ही याला अक्कांची अदलाबदल म्हणायचो, जरा चेष्टेनंच. एकदा दोन म्हातारे गृहस्थ खाली डोसा, म्हणजे भाजी न भरलेला साधा डोसा, राजाजीनगरात आधी कुठल्या हॉटेलात मिळायला लागला यावरून महिनाभर पान बदलत होते. अक्कांनी दोघांना एकमेकांच्या हॉटेलावर लिहायला बसवलं. त्यातल्या एकानं दुसऱ्याच्या हॉटेलातल्या चटणीवर असं काही लिहिलं की दुसरा म्हणाला, "एवढं तर मीसुद्धा लिहिलं नसतं." नंतर ते दोघं रविवारी बरोबर तिथे जायला लागले. आधी कुठे मिळाला हे अजून ठरलेलं नाही, पान मात्र उत्तम आहे.

डोशापुरतं हे सगळं छान आहे. माझं भांडण डोशाचं नव्हतं.

मी पत्रकं लिहिणारी मुलगी. कॉलेजात असल्यापासून सायक्लोस्टाइलची शाई हाताला आहे. पत्रकाला एकच बाजू असते आणि ती सहा ओळींत सांगायची असते, कारण बसस्टॉपवर माणूस तेवढाच वेळ उभा राहतो. हेब्बाळच्या पलीकडे हुणसेकट्टे नावाचं लहानसं तळं होतं. वरून येणारा पाण्याचा कालवा रस्त्याच्या कामात बुजला, तळं आटलं, आणि आटलेल्या तळ्यात दगड रोवून लेआउट, म्हणजे प्लॉटांची वसाहत, पडला. मी कोशात लिहिलं, तळं चोरलं. दुसऱ्या दिवशी तिथे दिसलं, "जुन्या तळ्याची कोरडी जमीन". बदलणाऱ्याचं नाव दीक्षित. हे पुण्याहून इकडे नोकरीला आलेले गृहस्थ, कोशाचे जुने कार्यकर्ते, आणि त्यांची त्या लेआउटमध्ये साइट. इथे प्लॉटला साइट म्हणतात. शिवाय साइटवाल्यांच्या असोसिएशनचे ते सेक्रेटरी. मी पुन्हा "चोरलं" केलं. त्यांनी पुन्हा "कोरडी" केलं. चौथ्या की पाचव्या खेपेला अक्कांनी पान बंद करून दोघांना घरी बोलावलं आणि आधी अवलक्कीच्या बशा समोर ठेवल्या. त्या पोह्यांना पोहे म्हणू देत नसत.

"अक्का, मी फक्त फॅक्ट लिहितोय," दीक्षित म्हणाले. "आणि ही मला चोर म्हणते. ऑन द इंटरनेट."

"मी तुमचं नाव कुठे घेतलंय?"

"साइट माझी, मग चोर कोण, शेजारचा?"

"तुम्ही म्हणताय, मी नाही."

"सरी," अक्का म्हणाल्या, "दोघांना एकमेकांची वाक्यं पाठ आहेत. आता लिहा."

मी म्हटलं, अक्का, इथे दोन बाजू नाहीत. एक तळं आहे आणि ते बुजवणारे आहेत. मी त्या बाजूनं एक अक्षर लिहिणार नाही. अक्का म्हणाल्या, मग पान बंद राहील. बंद पानावर त्या वेळी कुणाचं वाक्य होतं? दीक्षितांचं. बंद करताना जे असेल ते तसंच राहायचं, असा नियम. रागारागानं मी कबूल झाले.

आणि एकदा कबूल झाल्यावर मी ते काम पत्रक लिहितात तशा मन लावून केलं. दीक्षितांच्या बिऱ्हाडी गेले, त्यांच्या बायकोनं केलेला चहा प्यायले, ऐकून घेतलं. माझा पहिला मजकूर त्यांनी परत केला. म्हणाले, "यात तुम्ही मला बिचारा केलंय. मी बिचारा नाहीये." दुसराही परत केला, त्यात टोमणे होते म्हणून. तिसऱ्यात मी लिहिलं की तिथे कित्येक वर्षं पाणी नव्हतं, मेंढरं चरत होती, कालवा बुजवला तो राहायला येणाऱ्यांनी नाही, ते आले तेव्हा जमीन कोरडी होती आणि कागदांवर सरकारी शिक्का होता. आता उठा म्हटलं तर त्यांनी कुठे जायचं हेही सांगायला हवं. दीक्षितांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "हो. हेच."

त्यांनी लिहिलेली माझी बाजू मी दोनदा परत केली. फार गोड होती, पाणकोंबड्या वगैरे. तिसऱ्या वेळी त्यांनी एक वाक्य लिहिलं होतं: पाऊस पडला की पाणी अजूनही आपली जागा शोधत आमच्या गेटपर्यंत येतं. इतकी पत्रकं लिहिली, इतकं चांगलं वाक्य मला सुचलं नव्हतं. मी "हो" म्हटलं.

अक्कांच्या शिरस्त्याप्रमाणे दोन्ही मजकूर पानावर चढले, ज्यानं लिहिलं त्याच्या नावानं. एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉलच्या तिकिटावर बोलणाऱ्याचा नंबर असायचा, तसं. नंतर त्यांच्यावर दोघांच्या संमतीचा तिसरा मजकूर आला आणि हे दोन थर खाली गेले. थरावर नाव होतं, पण हा मजकूर दुसऱ्याची बाजू म्हणून लिहिलाय असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. का? कारण कोशातल्या सगळ्यांना ते ठाऊकच होतं. आम्हा मूठभर माणसांना ठाऊक म्हणजे जगाला ठाऊक, ही आमच्यासारख्या मंडळींची खास चूक.

तळं वाचवू बघणाऱ्या आम्हा काही जणांच्या तक्रारीची सरकारी कचेरीत सुनावणी झाली तेव्हा असोसिएशनच्या वकिलानं एक कागद पुढे केला. अधिकाऱ्यांनी तो शांतपणे, कन्नडमध्ये अर्थ सांगत, मलाच वाचून दाखवला. मेंढरं. सरकारी शिक्का. कुठे जायचं.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो, पण..."

"पण नंतर. हे नाव तुमचं?"

नाव माझं होतं.

पुढच्या तारखेला अक्का स्वतः आल्या, राजाजीनगरहून बस बदलून. अधिकाऱ्यांनी खुर्ची दिली, "अम्मा, कूतकोळ्ळि, बसा आधी." अक्कांनी कन्नडमध्ये सगळी पद्धत समजावून सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे या मुलीनं स्वतःला जे पटत नाही ते लिहिलं? कशाला?"

"समोरच्याचं ऐकू आलं की नाही, ते बघायला."

अधिकारी हसले. वाईट माणूस नव्हता. म्हणाले, माझ्या घरीही ही पद्धत लावून बघतो. आणि कागद फाइलमध्ये लावून टाकला. मागे दीक्षित बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. कागद त्यांनी दिला नव्हता हे मला नंतर कळलं, वकिलानंच शोधून काढला होता. तेव्हा मला त्यांची खाली घातलेली मान म्हणजे कबुली वाटली.

अर्धं तळं साइटवाल्यांना राहिलं. उरलेल्याला कुंपण घालून बाग होणार, असं ठरलं. माझ्या त्या कागदामुळे हे झालं असं मी म्हणणार नाही. दगड आधीच रोवलेले होते, घरांचे पाये खणून झाले होते, आणि अशा सुनावण्यांत काय व्हायचं ते बहुतेक आधीच झालेलं असतं. पण तळ्यासाठी उभे राहिलेले आमचे लोक त्या दिवशी माझ्याकडे कसे बघत होते... एकानं विचारलंच, "सुमा, तू नक्की कुणाच्या बाजूनं?" मी याला काय सांगू? की एक अक्का आहेत आणि त्या बाजू उलट्या करून लिहायला लावतात?

मी तडक अक्कांकडे गेले. म्हटलं, तो थर पुसा. तुमच्याकडे किल्ली आहे.

"पुसत नाही आपण."

"त्याचा उपयोग झाला माझ्याविरुद्ध. कोर्टात जायची वेळ आली तर पुन्हा होईल."

"खाली एक टीप लिहू. दुसऱ्याची बाजू म्हणून लिहिलं, असं. माझी चूक झाली, ती टीप तेव्हाच पाहिजे होती."

"टीप कोण वाचतंय?"

"तुझ्यासाठी आज पुसलं तर उद्या लेआउटवाल्यांसाठी पुसायला पाहिजे. त्यांच्याकडे पुसण्यासारखं जास्त आहे, मगा." मगा म्हणजे लेकरू.

मग मी दुसरं काढलं. दीक्षितांचं ते वाक्य. म्हटलं, मीही छापते. गेटपर्यंत पाणी येतं, असोसिएशनच्या सेक्रेटरीच्याच शब्दांत, खाली नाव. पत्रक तयार होतं, पिशवीत होतं. अक्कांनी ते वाचलं आणि परत दिलं.

"हे त्यांचं नाही. त्यांच्या हातानं लिहिलेलं तुझं आहे."

"त्यांनी माझं वापरलं तेव्हा हा हिशेब कुठे होता?"

"वकिलानं वापरलं. तू वकील आहेस का?"

मी म्हटलं, अक्का, तुमच्या या न्यायबुद्धीनं माझं तळं गेलं. त्या म्हणाल्या, स्वल्प बस, पाणी पी. मी बसले नाही. पायरी उतरताना त्या मागून काहीतरी म्हणाल्या, पण रस्त्यावरून लॉरी जात होती, आणि काय म्हणालात असं मागे वळून विचारण्याइतकी मी तेव्हा मऊ नव्हते. ती शेवटची भेट. ते पत्रक मात्र मी वाटलं नाही. रोज सकाळी वाटेन म्हणायचे आणि रोज काहीतरी निघायचं.

मृत्यूनंतर माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं, असं मला या लेखाबद्दल दोघातिघांनी सुचवलं. मी चांगलंच लिहितेय. पण अक्का प्रत्येक वेळी बरोबर होत्या असं मी लिहिणार नाही. दोन बाजू सारख्या वजनाच्या असतात तेव्हा त्यांची पद्धत उत्तम. एकीकडे वकील आणि असोसिएशन आणि दुसरीकडे आटलेलं पाणी असतं तेव्हा? पाण्याची बाजू लिहायला कोण येतं? हे मला त्यांना विचारायचं होतं, त्या सकाळी मी त्याचीच वाक्यं जुळवत होते, आणि त्यांनी उत्तर न देता निघून जावं हे मला अजिबात मान्य नाही.

कार्य आटोपल्यावर कोशाच्या मंडळींची बैठक झाली. किल्ली कुणाला नको होती. मला दुपारी वेळ असतो, म्हणून ती माझ्याकडे आली. यात मानबिन काही नव्हता. प्रसाद म्हणाला, "आईच्या खोलीतला कॉम्प्युटर तसाच आहे. तिथेच येऊन कर, लाइन चांगली लागते." गेल्या आठवड्यात गेले. काय करायचं ते ठरवून गेले होते: माझा थर पुसायचा.

पान उघडलं तेवढ्यात दीक्षित आले. किल्ली माझ्याकडे आल्याचं त्यांना कळलं होतं.

"पुसणार?"

"हो. तुमचाही पुसायचाय का?"

ते अक्कांच्या पलंगाच्या कडेवर बसले. "माझा राहू दे."

"असोसिएशननं बघितला तर?"

"बघितलाय. तुमचा प्रिंट काढला तेव्हा खाली माझाही होताच की. मला बोलावून विचारलं, हे काय. मी म्हटलं, माझं नाही, एक्सरसाइज होती, एका आजींनी लिहायला लावली." मग ते म्हणाले, "परवा पाऊस झाला ना, तेव्हा मी गेटपाशी उभा होतो. येतं हो. खरंच येतं पाणी."

"मग तसं लिहा. आज, स्वतःच्या नावानं. हे माझंच म्हणणं आहे, असं."

"तसं सोपं नाहीये, सुमा. तिकडे राहायचंय आम्हाला."

"मला काय सोपं होतं?"

"तुमचं ते जुनं पत्रक छापा ना. अक्का नाहीत आता अडवायला. मी म्हणेन, मला माहीत नव्हतं."

इतका संताप आला. मला त्यांचं वाक्य हवं होतं, वर्षभर हवं होतं, आणि आता ते मिळत होतं ते असं, पळून जायला मागचं दार उघडं ठेवून. म्हटलं, तसं नको मला. घ्यायचं तर पूर्ण घेईन. त्यांनी विचारलं, "मग काय लिहू, ते तरी सांगा." तोंडाशी सहा ओळी तयार होत्या, ठळक टायपात. पण मी सांगितल्या असत्या तर त्या पुन्हा माझ्याच झाल्या असत्या.

मी माझा थर पुसला नाही. तो पुसला असता तर दीक्षितांचा एकटाच उरला असता, आणि ती एक्सरसाइज होती असं त्यांनी असोसिएशनला जे सांगितलं तेही कुणाला पटलं नसतं. मी त्याच्याखाली टीप लिहिली: "ही दुसऱ्याची बाजू, इंदूअक्कांनी लिहायला सांगितली म्हणून लिहिली. वाचली की अजूनही चीड येते." मग सुनावणीनंतर अक्कांनी पुन्हा बंद ठेवलेलं पान त्यांच्यापुरतं मोकळं केलं, उठले, आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. दीक्षित बसले. बोटं कीबोर्डवर ठेवली आणि माझ्याकडे बघायला लागले.

कुणी असं लिहायला बसलं की अक्का खोलीत थांबत नसत. मागे कुणी उभं असलं की माणूस त्याच्यासाठी लिहितो, असं त्या म्हणायच्या. त्या स्वयंपाकघरात जायच्या आणि काम असो नसो, भांड्यांचा आवाज करायच्या, म्हणजे लिहिणाऱ्याला कळावं की आपल्यावर कुणाची नजर नाही. मी आत गेले. घरात दुसरं कुणी नव्हतं. ओट्यावर धुतलेली भांडी पालथी होती, ती एकेक उचलून फळीवर लावायला लागले, जरा जोरानंच. बाहेर कीबोर्ड वाजला... थांबला... मग बराच वेळ काही नाही. जाऊन बघावं असं फार वाटत होतं. मी एका पातेल्यावर झाकण ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं.